‘टीआयएल ३० टक्के’ म्हणजे किती आयुष्य?

पत्र (थोडक्यात): बाबांचं वय ६१. अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस सेल कर्करोग निघाला. पाच आठवडे रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमो, मग ऑपरेशन. ऑपरेशनला आता पाच आठवडे झाले. वजन ६२ किलोवरून ५१ वर आलंय. ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: वायपीटी२ एन१, २४ पैकी १ लसिकाग्रंथी पॉझिटिव्ह, कडा मोकळ्या, टीआरजी ३, स्ट्रोमल टीआयएल ३० टक्के, पीडी-एल१ सीपीएस ८. नेटवर वाचलं की गाठीत रोगप्रतिकारक पेशी जास्त असतील तर पेशंट जास्त जगतो. मग ३० टक्के म्हणजे वाचण्याची शक्यता ३० टक्के का? एका लॅबने सीडी८, फॉक्सपी३ वगैरे वेगळी तपासणी सुचवली आहे, ती करावी का? डॉक्टर वर्षभर निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं इंजेक्शन) घ्या म्हणतात, ते परवडणं अवघड आहे. त्याऐवजी गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस देऊन या पेशी वाढवता येतील का? – एक मुलगी, सांगली

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यानेच तुमची झोप उडालेली दिसते. नाही. ३० टक्के हा जगण्याचा आकडा नाही. टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी. गाठीच्या पेशींच्या मधल्या तंतुमय भागाला स्ट्रोमा म्हणतात. त्या भागाच्या क्षेत्रफळापैकी साधारण ३० टक्के जागा लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापलेली दिसली, इतकाच त्याचा अर्थ. शंभर पेशंटपैकी किती जगतील याच्याशी त्या टक्क्याचा थेट संबंध नाही.

आता हा आकडा कसा काढतात ते पाहा, म्हणजे त्याच्यावर किती भार टाकायचा हे कळेल. पॅथॉलॉजिस्ट चार-पाच मायक्रॉन जाडीचा छेद नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात आणि गाठीच्या हद्दीतला सगळा स्ट्रोमा बघून सरासरी अंदाज करतात. सर्वांत दाट ठिपका निवडून आकडा लिहायचा नसतो. मेलेल्या पेशींचा भाग, व्रणाचा पृष्ठभाग आणि न्यूट्रोफिल वगळायचे असतात. अन्ननलिकेत नेमकं इथेच गडबडतं. गाठीवर बहुधा व्रण असतो, त्यावर अन्नाचे कण आणि बुरशी असते, त्यामुळे तिथे दाहाच्या पेशींची गर्दी होते आणि तिचा कर्करोगाशी लढण्याशी संबंध नसतो. नजरेचा अंदाज म्हटल्यावर एकाच स्लाइडवर एक डॉक्टर २० म्हणेल, दुसरा ३५. म्हणून तुमच्या बाबांचे ३० आणि दुसऱ्या कुणाचे ४५ यांची तुलना करत बसू नका.

त्यातही बाबांचा आकडा रेडिएशननंतरच्या गाठीचा आहे. लिम्फोसाइट रेडिएशनला अतिशय नाजूक असतात. उपचार चालू असताना त्या भागातल्या पुष्कळशा मरतात आणि नंतर बाहेरून नव्या येतात. ऑपरेशनच्या दिवशी जे दिसतं ते या सगळ्या उलथापालथीनंतरचं चित्र असतं. टीआरजी ३ म्हणजे गाठ बऱ्यापैकी वितळली, तंतुमय वण जास्त, पण कर्करोगाच्या पेशी अजून शिल्लक. (१ म्हणजे काहीच उरलं नाही आणि ५ म्हणजे उपचाराचा काही परिणाम नाही, अशी ती पट्टी आहे.) पहिल्या बायॉप्सीवर टीआयएल नोंदवले असतील तर तो आकडा वेगळा वाचायचा. दोघांची वजाबाकी करून ‘पेशी वाढल्या’ किंवा ‘घटल्या’ असं म्हणता येत नाही, कारण बायॉप्सीचा तुकडा गाठीच्या वरच्या थराचा, तोही काही मिलिमीटरचा.

मग नेटवर वाचलं ते खोटं का? तेही नाही. २००१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अन्ननलिकेच्या गाठीत शिरलेल्या सीडी८ पेशी आणि पेशंटचं आयुष्य यांचा संबंध दाखवला. २००३ मध्ये जपानी गटाने स्क्वॅमस प्रकारात आणखी एक बारकावा पुढे आणला: सीडी८ आणि सीडी४ या दोन्ही पेशी ज्यांच्या गाठीत भरपूर, त्यांची वाटचाल इतरांपेक्षा चांगली. त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीजही सीडी८च्या बाजूने जाते. त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. सीडी८ पेशी (एक प्रकारची टी-पेशी) कर्करोगाच्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे ओळखते आणि परफोरिन व ग्रॅन्झाइम सोडून तिला मारते. सीडी४ पेशी तिला पाठबळ देते. फॉक्सपी३ असलेल्या नियामक पेशी मात्र हाच प्रतिसाद आवरून धरतात, आणि सीडी१६३ रंगणारे मॅक्रोफेज बहुधा गाठीला साथ देणारे असतात. म्हणूनच ‘रोगप्रतिकारक पेशी जास्त’ एवढ्यावर आनंद मानता येत नाही. कोणत्या पेशी, गाठीच्या आत की फक्त काठावर अडकलेल्या, आणि जिवंत जोमाच्या की दमलेल्या, हे पाहावं लागतं. नुसता ३० टक्के हा आकडा यातलं काहीच सांगत नाही, कारण साध्या रंगात सीडी८ आणि फॉक्सपी३ सारख्याच दिसतात.

अशा अभ्यासांत ‘जास्त’ आणि ‘कमी’ ही रेघ बहुधा त्याच अभ्यासातल्या पेशंटच्या मधल्या आकड्यावर मारलेली असते. एका ठिकाणचं ‘जास्त’ दुसऱ्या ठिकाणी ‘कमी’ ठरू शकतं. गटाचा कल म्हणून ते खरं आहे, पण एका माणसाला लावायला सर्वमान्य अशी रेघ अन्ननलिकेसाठी आजतरी नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीडी३ (सगळ्या टी-पेशींवरची खूण) आणि सीडी८ मोजून प्रमाणित गुण देण्याची पद्धत पुष्कळ पुढे गेली आहे. कुणी ती दाखवून ‘अन्ननलिकेतही तसंच’ म्हटलं तर मान डोलावू नका.

म्हणून त्या वेगळ्या तपासणीवर पैसे घालू नका, असं आमचं स्पष्ट मत. सीडी८ पुष्कळ निघाल्या किंवा थोड्या निघाल्या, तरी बाबांचा पुढचा उपचार बदलत नाही. लॅबवाल्याला एकच प्रश्न विचारा: ‘रिपोर्ट असा आला तर डॉक्टर काय वेगळं करतील?’ उत्तर गोलमोल आलं की निर्णय झाला. एखाद्या संशोधन प्रकल्पात हे फुकट होत असेल तर गोष्ट वेगळी. पण मेणाचे ब्लॉक मात्र जपा. पहिल्या बायॉप्सीचा आणि ऑपरेशनचा, दोन्ही. स्लाइड पुन्हा कापता येतात, ब्लॉक पुन्हा मिळत नाही. तो उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. पुढे कधी पीडी-एल१ तपासणी परत लागली तर जुन्या कापून ठेवलेल्या स्लाइड देऊ नका, ताज्या कापून घ्या. महिनोन्महिने पडलेल्या छेदांवर हा रंग फिका येतो आणि आकडा खोटा कमी दिसू शकतो.

रिपोर्टमध्ये उपचाराच्या दृष्टीने वजनदार गोष्टी दुसऱ्याच आहेत. कडा मोकळ्या आहेत, हे उत्तम. २४ लसिकाग्रंथी तपासल्या, म्हणजे शस्त्रक्रिया आणि तपासणी दोन्ही नीट झाली. साधारण १५ तरी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. त्यातली एक पॉझिटिव्ह आणि कर्करोगाच्या पेशी शिल्लक, यावरून उपचारानंतरची पायरी ३ए ठरते. (‘वायपी’ म्हणजे उपचारानंतर ऑपरेशनच्या तुकड्यावर तपासलेलं, टी२ म्हणजे स्नायूच्या थरापर्यंत गेलेली गाठ, एन१ म्हणजे एक-दोन ग्रंथींत रोग.) बाबांचं भवितव्य टीआयएलपेक्षा या ओळीवर जास्त अवलंबून आहे, आणि निवोलुमॅबचा सल्लाही तिच्यावरूनच आला आहे.

सीपीएस ८चा अर्थही सांगून टाकू. किमान १०० जिवंत कर्करोग पेशी असलेला छेद घ्यायचा, पीडी-एल१ रंगलेल्या कर्करोग पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज मोजायचे, त्यांच्या बेरजेला एकूण कर्करोग पेशींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. शंभर कर्करोग पेशींमागे पाच कर्करोग पेशी आणि तीन रोगप्रतिकारक पेशी रंगल्या, तर झाले ८. म्हणजे तुम्ही ज्या पेशींबद्दल विचारता आहात त्यांचा काही हिशेब या आकड्यात आधीच आला आहे, आणि तो उपचाराशी जोडलेला आहे. पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशीवरच्या पीडी-१ला चिकटून तिला थांबवतं. निवोलुमॅब पीडी-१ झाकून टाकतं, त्यामुळे थांबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. औषध नव्या पेशी बनवत नाही, असलेल्यांना मोकळं करतं.

हे औषध ऑपरेशननंतर वापरण्याचा आधार ‘चेकमेट ५७७’ ही चाचणी. रेडिएशन-केमो झालं, ऑपरेशनमध्ये कडा मोकळ्या आल्या, पण गाठीत किंवा ग्रंथींत कर्करोग शिल्लक होता, असे ७९४ पेशंट. बाबा अगदी याच वर्णनात बसतात. रोग परत न येता किंवा मृत्यू न होता गेलेला मध्यक काळ (निम्म्या पेशंटनी ओलांडलेला) निवोलुमॅब घेतलेल्यांत २२.४ महिने, न घेतलेल्यांत ११ महिने. फक्त स्क्वॅमस प्रकारात २९.७ विरुद्ध ११. पीडी-एल१ कितीही असला तरी औषध देता येतं. मात्र नंतर केलेल्या विश्लेषणात सीपीएस ५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत फायदा अधिक दिसला, आणि बाबांचा ८ त्या बाजूला पडतो.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला कुणी सांगितली नसेल. एकूण आयुष्याचे निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले. मध्यक ५१.७ महिने विरुद्ध ३५.३. आकडे औषधाच्या बाजूने झुकलेले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे रोग परत येणं लांबतं हे पक्कं, आयुष्य वाढतं हे अजून पक्कं नाही. परवडत असेल किंवा विमा, योजना, कंपनीची मदत मिळत असेल तर आम्ही ‘घ्या’ म्हणू. शेत विकून घ्यायचं असेल तर आधी ही वाक्यं डॉक्टरांसमोर ठेवा आणि बाबांनाही विचारा. पैसे नसल्यामुळे हे इंजेक्शन राहिलं तर तुम्ही वडिलांना मारलं, असा अपराधभाव घेऊन बसू नका.

खर्चाचा हिशेब असा काढा. चाचणीतला डोस: पहिले १६ आठवडे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे ८ सलाइन. पुढे दर चार आठवड्यांनी ४८० मिलिग्रॅम, वर्ष पूर्ण होईपर्यंत ९. एकूण १७ वेळा, ६२४० मिलिग्रॅम. कुपी १०० आणि ४० मिलिग्रॅमच्या मिळतात. २४०साठी दोन मोठ्या आणि एक छोटी लागते, काही वाया जात नाही. ‘तीन शंभराच्या आणा’ असं चिठ्ठीवर आलं तर विचारा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी आणि कंपनीची पेशंट-मदत योजना या तिन्हींची चौकशी एकाच दिवशी करा. फुले योजनेत नेमकं हे औषध या कारणासाठी मंजूर होतं का, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडून) खात्री करूनच धरा. चाचणीत औषध ऑपरेशननंतर ४ ते १६ आठवड्यांत सुरू केलं होतं. तुमचे पाच गेले, अकरा आहेत. घाईने कर्ज काढण्याची गरज नाही, पण कागद आजपासून हलवा.

कमी डोसबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, सोबत तीन तोंडी औषधं, यांनी एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर नेलं. आपल्या देशासाठी फार मोलाचं काम. पण ते पेशंट डोक्या-मानेच्या, पुढे गेलेल्या कर्करोगाचे होते. ऑपरेशन झालेल्या अन्ननलिकेला तो निकाल जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पूर्ण डोस अशक्यच असेल तर ट्यूमर बोर्डात (कर्करोगाच्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत) ‘कमी डोसचा विचार करता येईल का’ हा प्रश्न जरूर मांडा. तो निर्णय घरी घ्यायचा नाही.

आता काढा. गुळवेल देत असाल तर बंद करा, आजच. तिने गाठीतल्या सीडी८ वाढतात आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात आयुष्य वाढतं, असा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. उलट २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेले यकृतसुजेचे सहा पेशंट नोंदवले, त्यांतल्या काहींत स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला चढवल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली होती, तो वाद त्यांचा त्यांना. तुमच्यापुरता मुद्दा असा की निवोलुमॅबही क्वचित नेमकी हीच यकृतसूज आणतं. उद्या एसजीपीटी (यकृताची रक्त तपासणी) ४०० आला तर कारण काढा की इंजेक्शन हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि चांगलं चाललेलं औषध थांबवावं लागेल. पपईच्या पानांचा रस लोक प्लेटलेटसाठी देतात. बाबांना त्याची गरज नाही, आणि रिकाम्या पोटी तो कडू रस उलटीलाच आमंत्रण. ‘डेंड्रिटिक सेल’ किंवा ‘एनके सेल’ चढवणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिरातीही येतील. अन्ननलिकेच्या कर्करोगात त्यांनी आयुष्य वाढतं असं मोठ्या तुलनात्मक चाचणीने दाखवलेलं नाही.

रक्ताच्या तपासणीतल्या लिम्फोसाइट आणि गाठीतल्या लिम्फोसाइट यांची गल्लत करू नका. छातीवर रेडिएशन घेतल्यावर रक्तातला आकडा हमखास पडतो, कारण हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतून फिरणारं रक्तही त्या झोतात येतं. तो सावरायला महिने लागतात. तो वाढवण्यासाठी गोळी नाही.

खरी गळती वजनाची आहे. अकरा किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळपास १८ टक्के. प्रतिकारशक्ती हवी तर ती इथून बांधायची. ५१ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी (१२ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (१६), ५० ग्रॅम पनीर (९), दोन वाट्या घट्ट वरण (१२), वाटीभर दही (५) आणि ५० ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा मासा (१२) एवढं झालं की ६५ पार होतं. मांसाहार नसेल तर पनीर आणि वरण वाढवा, दुधात दुधाची भुकटी घाला. जठराची नळी करून वर जोडलेली असल्याने पूर्वीसारखं ताटभर बसणार नाही. दिवसात सहा ते आठ वेळा, दर वेळी वाटीभर. पाणी जेवणासोबत नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब झाले तर बहुधा गोड पातळ पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरला. उसाचा रस, सरबत, गुळाचं पाणी अशा वेळी बंद. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं पडायचं नाही, आणि पलंगाचं डोकं विटा लावून सहा इंच उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर कंबरेत वाकून पोटावर दाब येतो आणि आंबट वर येतं. आतड्यात फीडिंगची नळी अजून असेल तर वजन सलग तीन-चार आठवडे वाढेपर्यंत ती काढायची घाई करू नका. घास अडकायला लागला तर लगेच ‘परत आला’ असं समजू नका. पहिल्या काही महिन्यांत जोडाची जागा आकसणं नेहमीचं आहे, दुर्बिणीतून फुगवून ती मोकळी करतात. पण दाखवायला उशीर नको.

निवोलुमॅब सुरू झालं तर पहिल्या सलाइनआधी यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनीन, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. यकृत, क्रिएटिनीन आणि साखर पुढेही प्रत्येक सलाइनआधी, थायरॉइड दर चार ते सहा आठवड्यांनी. बाबांना सोरायसिस, संधिवात, जुना टीबी यांतलं काही असेल किंवा ते स्टिरॉइड घेत असतील, तर आधी सांगा. चाचणीत उपचारामुळे गंभीर त्रास १३ टक्क्यांना झाला, ९ टक्क्यांना त्यामुळे औषध सोडावं लागलं. हे त्रास केमोसारखे ठरावीक दिवशी येत नाहीत, तिसऱ्या महिन्यातही उगवतात, औषध संपल्यावरही. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा चालताना धाप, डोळे-लघवी पिवळी, विलक्षण थकवा, यांपैकी काहीही झालं तर गल्लीतल्या दवाखान्यात जुलाब थांबवायची गोळी घेऊन वाट पाहू नका. उपाय बहुधा स्टिरॉइड असतो आणि तो वेळेत लागतो. रात्री तातडीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘इम्युनोथेरपी चालू आहे, केमो नाही’ असं सांगा. औषधाचं नाव आणि शेवटच्या सलाइनची तारीख लिहिलेली चिठ्ठी बाबांच्या खिशात ठेवा.